नवव्या पार्टाची कहाणी

ही कहाणी मी सांगायची नाही, असं ठरलं होतं. वरच्या खोलीतल्या हर्षलाताईनं मला तिच्या गळ्याची शपथ घातली होती. पण गुरुवारची पोथी वाचून झाली, आईचा घसा बसलाय, खीर अजून आटायची आहे, आणि तुम्ही सगळ्या म्हणालात, "तनू, तोवर एखादी कहाणी म्हण." मला न बघता बोलता येत नाही. ही मी वहीत लिहून ठेवली आहे, ती वाचते. सगळं खरं आहे. लिहितानासुद्धा माझा हात दोनदा थांबला होता.

ऐका सबमिशनदेवा, तुमची कहाणी.

एक नगर होतं. आटपाट म्हणावं, तर एसटीचा विनंती थांबा होता. नगराबाहेर माळ होता. माळावर इंजिनिअरिंगचं कॉलेज होतं. कॉलेजच्या वाटेवर एक घर होतं. घरात खाली खानावळ होती, वर एक खोली होती. खोलीत दोन मुली राहत. एक आवडती होती, एक नावडती होती. कुणाची आवडती, कुणाची नावडती? कॉलेजात ड्रॉइंग शिकवणारे सर होते, त्यांची.

आवडतीचं नाव हर्षला ढोमसे. यंत्राचं चित्र काढायला त्यांना मोठा जाड कागद लागतो, त्याला शीट म्हणतात. हर्षलाचं शीट पाहावं तर आरशासारखं. रेघ केसासारखी, अक्षर छापल्यासारखं. नावडतीचं नाव निलोफर मुलाणी. तिच्या शीटवर खोडल्याच्या खुणा, तेलाचे ठसे, कोपरा दुमडलेला. सर आवडतीचं शीट वर्गाला दाखवीत. नावडतीचं शीट दोन बोटांनी धरीत.

पण आवडतीला एक दुःख होतं. मशीन ड्रॉइंगच्या तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा तिची बोबडी वळली. दुसऱ्यांदा तिनं भलतंच उत्तर दिलं. राहिलेल्या विषयाला ती मुलं केटी म्हणतात. केटी पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात बसता येतं, तो विषय मात्र धाकट्या वर्गाबरोबर पुन्हा करायचा, पण तिसऱ्यांदा तेच झालं की वर्ष जातं. तिचे आप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ते फोनवर म्हणाले, "दोनदा गप बसलो. तिसऱ्यांदा वर्ष गेलं तर सामान बांध आणि घरी ये. झालं तेवढं शिक्षण पुष्कळ झालं." फोन ठेवला, आणि ती पायरीवर बसून राहिली. आईनं वाढलेलं ताट तसंच राहिलं.

मग आवडतीनं काय केलं? अभ्यास केला? नाही. नेम धरले.

पहिला नेम खाण्याचा. ती आईला म्हणाली, "काकू, आता महिनाभर भोपळा करू नका."

"का गं? चांगला गोड निघालाय."

"पेपरात मिळतो."

अंडं नको, शून्यासारखं दिसतं. मेदूवडा नको, तोही शून्यच. आई म्हणाली, "मग बटाटेवडा?" हर्षलानं डोळे मिटून विचार केला आणि म्हणाली, "चालेल. तो भरीव आहे." खानावळीत जेवायला बसलेली चाळीस मुलं एका सुरात म्हणाली, "काकू, भरीव चालेल!" त्यांतलं एकही हसलं नाही. मी वाढत होते, माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

दुसरा नेम कपड्यांचा. एक मोहरीच्या रंगाचा कुर्ता होता. त्यात ती पहिल्या वर्षी पास झाली होती. परीक्षा सुरू झाली की तोच घालायचा, संपेपर्यंत तोच. धुवायचा नाही, धुतला तर पुण्य जातं. तिसऱ्या दिवशी निलोफर म्हणाली, "बाई गं, तुझं पुण्य जिन्यापर्यंत येतंय."

तिसरा नेम कॅल्क्युलेटरचा. तो आमच्या देव्हाऱ्यात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, पेपरला जाताना उचलायचा. कुंकू जरा जास्त झालं. बरोबरच्या चिन्हाचं बटण चिकटलं ते चिकटलंच. मग पेपरात बेरजा बोटांवर. तरी नेम मोडला नाही.

शिवाय पहिल्या नंबरच्या मुलीच्या खोडरबराचा तुकडा डबीत. शिवाय कॉलेजच्या जनरेटरला पाच प्रदक्षिणा. मी शाळेत जाताना बघायचे. माळावर रांग लागलेली असायची. चौथ्या वर्षाची मोठी मोठी मुलं पायातल्या चपला काढून जनरेटरभोवती फिरत, आणि निघताना त्याच्या डिझेलच्या टाकीला हात लावून तोच हात कपाळाला लावत. मला धक्काच बसला. ज्यांना पुलाचं वजन काढता येतं, ती मुलं मेदूवड्याला भीत होती.

पण हे नेम लहान. मोठा वसा पुढंच आहे.

एके दिवशी शनिवारची शाळा होती. दुपारी घरी आले, बघते तो शोकेसची काच नाही. आतले बाहुले उघड्यावर, धूळ खात. मी आईला विचारलं, आई म्हणाली, "वर बघ." वर गेले. भर दुपारी खोलीत अंधार. खिडक्यांना चादरी लावलेल्या. दोन खुर्च्यांवर आमच्या शोकेसची काच आडवी ठेवलेली, काचेखाली दिवा पेटलेला, काचेवर एक जुनं शीट, जुन्यावर एक कोरं शीट. खालच्या रेघा वर उमटलेल्या, आणि हर्षला वाकून त्या गिरवत होती. कपाळाला घाम, तोंडात क्लिपा.

मी म्हटलं, "ताई, ताई, हा कसला वसा वसतेस?"

"तुला काय करायचंय? तू कुणाला सांगशील."

"नाही सांगणार."

मग तिनं क्लिपा काढल्या आणि वसा सांगितला. "ह्याला जीटी म्हणतात. काचेवर गिरवणं. आधी एक सीनियर गाठावा. त्याच्या हातापाया पडून त्याचं शीट आणावं. काच आडवी करावी, दिवा लावावा, दार लोटावं. रेघ दिसेल तशी ओढावी. कमी नाही, जास्त नाही. आपलं डोकं लावू नये. डोकं लावलं की शीट परत येतं."

"सीनियरनं कुणाचं गिरवलं?"

"त्याच्या सीनियरचं."

"आणि त्यानं?"

"त्याच्या सीनियरचं."

"आणि अगदी पहिल्यानं?"

हर्षलानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तनू, चहा टाक ना जरा."

आमच्या शाळेत शेजारच्या वहीत डोकावलं तरी बाक बदलतात. इथं अख्खी वही काचेवर ठेवलेली. मी जिना उतरले, पण माझा पाय पायरी सोडून भलतीकडंच पडत होता.

इकडे नावडती काय करी? दर शनिवारी कॉलेजच्या वर्कशॉपात जाई. तिथं बाबर मामा म्हणून शिपाई आहेत, तेही आमच्याकडंच जेवतात. ते तिला कुलूप काढून देत. शीटवर जॅक काढायचा होता. ट्रकचं चाक बदलताना खाली लावतात आणि दांडा फिरवून ट्रक उचलतात, तो जॅक. निलोफर तो खोली, एकेक तुकडा मोजी, पुसून परत बसवी, मग कागदावर काढी. तिच्या शीटवर जॅकचे पार्ट आठ. सगळ्या वर्गाच्या शीटवर पार्ट नऊ.

पहिल्यांदा शीट दाखवायला गेली. सरांनी लाल पेनानं गोल केला. "नववा कुठाय?" शीट परत.

दुसऱ्यांदा गेली. लाल गोल. "नववा कुठाय?" शीट परत.

तिसऱ्यांदा गेली. म्हणाली, "सर, मी जॅक खोलून पाहिला. आठच निघाले."

सर म्हणाले, "मग एक तुझ्या हातून हरवला असेल." शीट परत.

वर्ग हसला. हर्षलाही हसली. तिनंच हे मला सांगितलं, मान खाली घालून.

असं करता करता तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. शंभरातले चाळीस मिळाले की पास. हर्षला उठली, न्हाली, मोहरीच्या रंगाचा कुर्ता घातला आणि खिडकीशी पाठांतराला बसली. सीनियरनं शीटबरोबर प्रश्नांची उत्तरंही दिली होती, तीही त्याला त्याच्या सीनियरनं दिली होती. ती म्हणत होती, "पार्ट नऊ तोल सांभाळतो. पार्ट नऊ तोल सांभाळतो. पार्ट नऊ तोल सांभाळतो."

मी चहा घेऊन गेले. त्यांच्या खोलीत कॉलेजच्या कँटीनमधला एक कप आहे. कसा आला ते मी विचारलेलं नाही. जाड, पांढरा, कान तुटलेला. तो मी ठेवला, आणि तो नेमका निलोफरताईच्या परत आलेल्या शीटवर ठेवला गेला. चहा सांडलेला होता. मी घाईनं कप उचलला. खाली तपकिरी गोल उमटला होता. गोलाच्या खाली एक थेंब.

मी त्या गोलाकडं बघितलं. शेजारी हर्षलाताईचं शीट होतं. त्याच्याकडं बघितलं. परत गोलाकडं बघितलं.

मी खाली आले. कंपासपेटीतली पट्टी घेतली. वर गेले, गोल मोजला. बावन्न मिलीमीटर. हर्षलाताईच्या शीटवर जॅकच्या उजव्या खांद्याला एक गोल होता. त्याला मधोमध रेघा, कडेला तिरप्या रेघा, बाणाच्या टोकाशी आकडा नऊ. कोपऱ्यातल्या यादीत लिहिलं होतं: पार्ट नऊ, व्यास बावन्न, ओतीव लोखंड, नग एक. आणि गोलाच्या खाली एक बारकं भोक: तेलासाठी, व्यास चार.

मी थेंब मोजला. चार.

हातातून पट्टी पडली. मी म्हटलं, "ताई, हा पार्ट नाहीये."

"कुठला?"

"नववा. हा चहाचा डाग आहे. कुणीतरी कप ठेवला होता."

ती उठून आली. वाकली. कप उचलला, आपल्या शीटवर नवव्या पार्टाच्या वर हवेत धरला, आणि टेकवला नाही. तिचा चेहरा पिठासारखा झाला. मग म्हणाली, "गप. आज असलं काही बोलायचं नाही. चौसष्ट मुलांच्या शीटवर आहे हा. सरांनी सह्या केल्यात."

"पण निलोफरताईचं..."

"तनू! माझं वर्ष आहे गं हे. माझ्या गळ्याची शपथ, कुणाला बोलशील तर."

मी गप बसले. निलोफरताई न्हाऊन आली, तिनं शीटवरचा डाग पाहिला आणि म्हणाली, "राहू दे गं, ते परतच आलेलं आहे." ती तेच आठ पार्टांचं शीट डागासकट गुंडाळून निघाली. मी जिन्यात उभी होते. मी तिलाही काही बोलले नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. निलोफरताईनं सांगितलं, हर्षलाताईनं दोन ठिकाणी दुरुस्त केलं, आणि बाबर मामा जेवायला आले तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. तिघांचं जुळलं तेवढंच लिहिलंय.

परीक्षा घ्यायला बाहेरगावाहून एक बाई आल्या. देशमाने बाई. एसटीनं आल्या, सुती साडी, खांद्याला शबनम. हॉलमध्ये टेबल मांडलेलं. एका खुर्चीवर बाई, एका खुर्चीवर सर. कँटीनमधून दोन कप चहा आला. बाईंनी घेतला नाही, सरांनी घेतला. मुलं भिंतीशी बाकांवर बसलेली, सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

पहिला मुलगा आला. बाईंनी शीटवर बोट ठेवलं. "हा नऊ नंबर काय करतो?"

"तोल सांभाळतो, मॅडम."

दुसरी मुलगी आली. "हा काय करतो?"

"तोल सांभाळतो, मॅडम."

तिसरा आला. "काय करतो?"

"तोल सांभाळतो, मॅडम."

"कुणाचा?"

"सगळ्यांचाच, मॅडम."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गुण कुणाचेच लिहिले नाहीत. म्हणाल्या, "पुढं."

पुढं निलोफर. बाईंनी शीट उलगडलं. "हिच्यात आठच?"

सर म्हणाले, "अपूर्ण आहे, मॅडम. तीनदा परत केलं. ऐकत नाही मुलगी."

"का गं? नववा का नाही काढलास?"

"मॅडम, जॅकमध्ये नाहीये."

"नाहीये कसा?" सर तडकले. "वर्कशॉपात आहे की! बाबर, जा, घेऊन या."

बाबर मामा गेले आणि ताटात घालून घेऊन आले. खरंच. लोखंडाचं कडं, बावन्न मापाचं, खाली चार मापाचं भोक. कधीतरी कुणीतरी शीट बघून ओतून घेतलेलं. त्यावर हळदकुंकू. बाई म्हणाल्या, "हे काय?"

मामा म्हणाले, "दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा असते, बाई. ह्याची पण करतो."

बायांनो, मी हे ऐकलं तेव्हा मामांच्या ताटात भात वाढत होते. वाढतच राहिले. मामा म्हणाले, "पोरी, बस."

मग बाई म्हणाल्या, "बसवून दाखवा."

मामांनी जॅक आणला. कडं वरून लावून पाहिलं, बसेना. खालून लावून पाहिलं, बसेना. आडवं धरून पाहिलं, बसेना.

सर म्हणाले, "गंजलं असेल."

मामांना राग आला. "गंज? साहेब, दर शनिवारी तेल घालतो मी त्या भोकातनं!"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप झालं. बाई निलोफरला म्हणाल्या, "तू इथंच थांब. तुझं नंतर ठरवू." निलोफर टेबलाच्या कडेला उभी राहिली. शीट तिच्या हातात, तीन लाल गोल वरच्या बाजूला.

पुढं हर्षला. बाईंनी तिचं शीट उलगडलं. आरशासारखं. बाईंनी बोट ठेवलं. "हा नऊ नंबर काय करतो?"

उत्तर पाठ होतं. तीन शब्द म्हणायचे आणि खुर्चीवरून उठायचं. सर तिच्याकडं बघून मान हलवत होते, सांग, सांग म्हणून. हर्षला म्हणते, तिला तेव्हा आप्पांचा फोन आठवला नाही, आणि देवही आठवला नाही. कडेला उभ्या असलेल्या निलोफरच्या चपला तेवढ्या दिसत होत्या, वर्कशॉपातल्या तेलानं काळ्या झालेल्या. तिनं तोंड उघडलं, पण त्यातून तोल सांभाळणारं काही निघेना. परत बोबडी वळली. सगळ्यांना वाटलं, गेली. तिसऱ्यांदा गेली.

मग तिनं काय केलं? हात पुढं केला. सरांच्या समोरचा कप उचलला. चहा संपलेला होता. आणि तो कप शीटवर, नवव्या पार्टावर ठेवला.

बोटात अंगठी बसावी तसा बसला.

बाबर मामांच्या हातातलं कडं खाली पडलं, ते गडगडत गेलं आणि भिंतीला लागून थांबलं. मग हर्षला म्हणाली, "मॅडम, हा काहीच करत नाही. हा डाग आहे. मी गिरवला. निलोफरनं नाही गिरवला."

सर उठले. सगळ्यांना वाटलं आता ओरडतील. सर ओरडले नाहीत. भिंतीतलं कपाट उघडलं. जुनी शीटं काढली, वर्षांप्रमाणं जमिनीवर मांडत गेले. ह्या वर्षीचं, त्याच्या आधीचं, त्याच्या आधीचं. एका शीटवर पार्टाचं नाव होतं, भोक होतं. त्याच्या मागच्यात नाव नव्हतं, नुसता आकडा होता. त्याच्या मागच्यात आकडा नव्हता, तिरप्या रेघा होत्या. त्याच्या मागच्यात नुसता पेन्सिलीचा गोल. आणि सगळ्यांत खाली एक पिवळं पडलेलं शीट, त्यावर आठ पार्ट, उजव्या खांद्याशी तपकिरी डाग, आणि डागाखाली एक थेंब. कोपऱ्यात नाव होतं. सरांचं स्वतःचं.

सर जमिनीवरच बसले. म्हणाले, "नवीन लागलो होतो. वर्गाला नमुना म्हणून काढलं होतं. चहा इथंच प्यायचो." त्या डागावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "एकोणीस वर्षं तपासतोय मी. मी बघत नव्हतो. नऊ आहेत का, मोजत होतो."

बाईंनी निलोफरचं शीट घेतलं, तीन लाल गोलांच्या खाली सही केली आणि म्हणाल्या, "जा, जेव." निलोफर गेली नाही. बाई बाकीच्यांना म्हणाल्या, "आठ दिवसांत नवीन शीट. जॅक बघून. काच घरी ठेवून."

मग हर्षलाकडं वळल्या. "तू गिरवलंस?"

"गिरवलं."

"हे कधी कळलं तुला?"

"आज सकाळी. घरमालकीणबाईंच्या मुलीनं दाखवलं."

"मग तू काय केलंस?"

"तिला गप केलं."

बाई म्हणाल्या, "खरं बोललीस म्हणून पास करीन असं समजू नकोस. तो जॅक घे. खोल, मोज, काढ. तीन तास देते. कुणाचं शीट नाही, काच नाही, पाठांतर नाही. नाही जमलं तर तुझं वर्ष गेलं."

हर्षला जॅकपाशी बसली. दांडा काढला. वरची पट्टी सोडवली. आणि तिचे हात थांबले. तिनं तो जॅक उचलला, नाकाशी नेला. ग्रीसचा वास. लहानपणी आप्पांना डबा द्यायला डेपोत जायची, तेव्हा आप्पा बसखाली झोपून म्हणायचे, "हर्षे, दांडा फिरव गं." शंभरदा फिरवलेला दांडा. हाच. ती निलोफरला म्हणाली, "अगं, हा जॅक आहे!"

निलोफर म्हणाली, "मग काय वाटलं होतं तुला?"

"मला वाटलं होतं, ते शीट आहे."

हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण मला हसू आलं नाही. मला सगळ्यांत मोठा धक्का ह्याचाच बसला. तीनदा तिनं तो गिरवला होता, दोनदा त्यात नापास झाली होती, आणि तो आपल्या घरचाच आहे हे तिला माहीत नव्हतं.

मग तिनं काढलं. रेघ केसासारखी आली नाही. एक लांब झाली, खोडली, कागद फाटता फाटता राहिला. बोटांचे ठसे उमटले. पार्ट आठ. तीन तास झाले. बाईंनी शीट घेतलं, बघितलं, चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत. पाकिटात घातलं. साडेपाचच्या एसटीला निघाल्या.

हर्षला मागोमाग फाटकापर्यंत गेली. म्हणाली, "बाई, बाई, माझं काय होईल?"

बाई म्हणाल्या, "ते कागद सांगेल. तू एक वसा घे."

"कसला वसा? मला सांगा."

"रेघ ओढायच्या आधी तिला विचारायचं. तू कोण? कुठली? इथं कशाला आलीस? तिनं सांगितलं तर ओढायची, नाही सांगितलं तर पेन्सिल खाली ठेवायची. कुणी मोठ्यानं काढलेली असली तरी विचारायचं. कुणी धाकट्यानं विचारलं तर त्याला गप करायचं नाही. उतायचं नाही, मातायचं नाही, विचारल्यावाचून रेघ ओढायची नाही."

हर्षलानं वसा घेतला. घरी आली. शोकेसची काच धुऊन पुसून जागेवर बसवली. म्हणून काय भोपळा खाल्ला? नाही. कुर्ता धुतला? तोही नाही. निलोफर म्हणाली, "वसा घेतलास ना, मग विचार की कुर्त्याला, तू कशाला आलास?" हर्षला म्हणाली, "विचारलं. तो म्हणाला, निकालापर्यंत राहतो."

सरांनी दुसऱ्या दिवशी ते पिवळं शीट वर्गात भिंतीला लावलं. डागाभोवती लाल गोल केला, आपल्याच हातानं.

वहीत इथवरच लिहिलंय. पुढचं पान कोरं आहे, कारण गुण आज लागायचे आहेत. दोघी सकाळीच गेल्या आहेत कॉलेजात, बोर्डापाशी. हर्षलाताईनं सामानाची पिशवी भरून खाटेखाली ठेवली आहे, ती मी सकाळी झाडताना बघितली. कुणाला सांगितलं नाही.

पण फळ मागितल्यावाचून कहाणी सोडू नये म्हणतात, म्हणून मागते. सबमिशनदेवा, निलोफरताईचे आठ जसे खरे ठरले, तसे सगळ्यांचे खरे ते खरे ठरोत. सरांना एकोणीस वर्षांनी का होईना दिसलं, तसं मोठ्यांना दिसो. आणि हर्षलाताईचं वर्ष...

"तनू! ए तनू! कुठं आहेस?"

ही निलोफरताई. अंगणात आहे.

"तनू, बाहेर ये आधी! चाळीस! बरोबर चाळीस, एक कमी नाही की एक जास्त नाही! ही बया पायरीवर बसून रडतीय, आप्पांना फोन लावलाय आणि हिला शब्द फुटेना. मीच सगळं सांगितलं, आता आप्पा विचारतायत, डाग कुणी बघितला? ये, तूच सांग त्यांना!"

मी? मी काय सांगू? आले, आले! काकू, खीर तेवढी खाली उतरवा. जशी हर्षलाताई काठावर उतरली, तशी तुमची-आमची मुलं काठावर का होईना, पण आपल्या रेघेनं उतरोत. ही सात प्रश्नांची कहाणी, कोणतेही पाच सोडवले तरी सुफळ सं...